बिघाड गेला, कारण राहिलं

यंत्रमागाच्या मोटारी दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्ल्या आणि अक्कलकोट रोडची एमआयडीसी हे माझं कामाचं क्षेत्र. तिथे तीन फेजचे ४१५ व्होल्ट असतात, आणि हाताला एक सवय लागते: टेस्टर पेटला म्हणजे सप्लाय आहे, आणि सप्लाय असूनही माग उभा असेल तर दोष मोटारीत किंवा स्टार्टरमध्ये. या सवयीने मला कारखान्यांत क्वचितच फसवलं. पण तीच सवय मी माझ्या १९९८ सालच्या डिझेल जीपवर चालवली आणि तिथे फार काळ चुकत राहिलो. पैसा गेला, एका पोराचा मी अपमान केला, आणि एकदा घरच्यांचा जीव धोक्यात घातला. जुनी गाडी स्वतः दुरुस्त करणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं लिहून ठेवतो आहे.

पहिली तक्रार अशी होती की धावती गाडी एकाएकी बंद पडायची. शहरातून मंद्रूपच्या शेताकडे जाताना विजापूर रस्त्यावर इंजिन गप्प व्हायचं. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. उन्हाळ्यात हे जास्त व्हायचं. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे मी ठरवून टाकलं की उष्णतेने डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरते आहे. डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही, मग विजेचा संबंध कुठे येतो, हा माझा तर्क. तो अर्धाच खरा होता. माझ्या जीपच्या डिझेल पंपावर एक सोलेनॉईड आहे. चावी फिरवली की त्याला १२ व्होल्ट मिळतात आणि तो डिझेलची वाट उघडी धरतो. वीज क्षणभर तुटली तरी वाट बंद होते. चावीने इंजिन बंद होतं ते याच रीतीने, आणि हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी तिकडे पाहिलं नाही.

मी फिल्टर बदलला, आणि गाडी काही आठवडे बिनतक्रार चालली. पुन्हा बंद पडली तेव्हा बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर बदलले, पुन्हा काही आठवडे सुखात गेले. मग फीड पंप, मग टाकी उतरवून साफ केली. दर वेळी गाडी सुधारायची आणि दर वेळी मला वाटायचं, सापडलं. डिझेलचा फिल्टर पंपाच्या अगदी शेजारी आहे. तिथे पान्हा घालायचा तर सोलेनॉईडची तार बाजूला सारावी लागते. टोकाच्या थिंबलपाशी त्या तारेचे बहुतेक पदर आतल्या आत तुटले होते, वरचं आवरण मात्र शाबूत. इंजिनाची थरथर वर्षानुवर्षं सोसून तांबं तिथे कडक होतं आणि एकेक पदर तुटत जातो. मी तार सारली की तुटलेली टोकं पुन्हा एकमेकांना टेकायची. म्हणजे गाडी सुधारत होती ती माझ्या कोपराच्या धक्क्याने, आणि श्रेय मी नव्या फिल्टरला देत होतो.

लागून-सुटून येणाऱ्या बिघाडात मी सगळ्यात जास्त फसलो तो इथे. यंत्र कायमचं बंद असेल तर दुरुस्ती झाली की नाही हे तिथल्या तिथे कळतं. पण जो बिघाड आपसूक जातो, तो माझ्या हातून गेला की स्वतःहून, हे त्याच्या जाण्यावरून कळत नाही. मी मात्र जाणं हाच पुरावा धरला.

मीटरनेही मला फसवलं, खरं तर मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला. एकदा गाडी बंद पडली असताना, चावी चालू ठेवून, मी सोलेनॉईडची तार काढून टोकाला मल्टिमीटर लावला होता. त्यावर १२.६ व्होल्ट आले, भरलेल्या बॅटरीचा बरोब्बर आकडा. मी तार परत लावली, इंजिन सुरू झालं, आणि विजेचा विषय मी मिटवून टाकला. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. एकाच केसाएवढ्या पदरावर लटकलेली तारही त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. त्याच जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला असता तर त्याने पावणेदोन अँपिअर मागितले असते, आणि तार हलवताच तो मंद झालेला मला दिसला असता.

इथे मागाची सवय कशी आड आली ते आकड्यांत सांगतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तीन फेजवर एवढी मोटार जेमतेम दोन अँपिअर घेते. जोडात कुठे ०.१ ओहमचा अडथळा असला तर तिथे ०.२ व्होल्ट खर्च होतात, आणि ४१५ मधून एवढे गेले तर मोटारीला जाणवतही नाही. तेवढीच शक्ती १२ व्होल्टवर हवी असेल तर ६२ अँपिअर लागतात, आणि त्याच ०.१ ओहमवर सहा व्होल्ट उडतात. निम्मी बॅटरी एका जोडात जाते. गाडीत तर परतीची वाट म्हणजे चासी आणि बॉडीच. तिथला प्रत्येक बोल्ट हा तारेतला जोड आहे. कारखान्यात अर्थिंग माणसाच्या रक्षणासाठी असतं. गाडीत त्याच वाटेने सगळा करंट परत जातो. ही गोष्ट मला तोंडपाठ होती, पण हात जुन्याच सवयीने चालत होते.

दुसरा बिघाड त्याच दिवसांत सुरू झाला आणि पहिल्यात मिसळून गेला. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. २०१३ साली गाडी पासिंगला न्यायची म्हणून मी डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. चासीला काळा रंग मारला. रंगाच्या वेळी सुटे केलेले भाग परत बसवायचं काम मी स्वतः केलं, आणि इंजिन व चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी मी ताज्या रंगावर तशीच आवळली. धातूला धातू लागलाच नाही. करंट जायचा तो बोल्टच्या आट्यांतून, जमेल तेव्हा आणि जमेल तेवढा.

त्यानंतर सेल्फ कधी झपकन उचलायचा, कधी कण्हत फिरायचा. रात्री हेडलाइट मध्येच मंद व्हायचे. मी नवी बॅटरी घेतली. मग डायनॅमो उतरवून त्याचे ब्रश आणि कटआउट बदलून घेतले. जुना कटआउट चांगला होता हे आता समजतं. अ‍ॅक्सिलरेटरची केबल जड झाली होती, तीही बदलली. जुनी केबल काढली तेव्हा तिचं प्लास्टिकचं आवरण एका जागी वितळलेलं होतं. मी ते हातात धरून पाहिलं आणि सायलेन्सरला टेकली असेल म्हणून फेकून दिली. प्रत्यक्षात सेल्फचा करंट परतीसाठी वाट शोधत होता. पट्टीतून जाता येईना, म्हणून तो इंजिनापासून बॉडीपर्यंत गेलेल्या त्या बारीक केबलमधून जात होता. सेल्फ शे-दोनशे अँपिअर ओढतो, केबल तापणारच. इतका स्पष्ट पुरावा हातात आला होता आणि मी तो कचऱ्यात टाकला, ही गोष्ट मला अजून लागते.

बॅटरी बसवणारा विजापूर नाक्याजवळचा पोरगा विशीतला होता. त्याने टर्मिनल नीट आवळलं आणि म्हणाला, “काका, इंजिनची अर्थिंग पट्टी एकदा बघू का?” मी म्हटलं, “ती मी स्वतः बसवलीय, तू तुझं काम कर.” पुढच्याच आठवड्यात सेल्फ पुन्हा कण्हला. मी त्याच्या टपरीवर गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, की याला साधं टर्मिनल लावता येत नाही. तो काही बोलला नाही. त्याचा प्रश्न बरोबर होता, आणि मला राग आला तो त्याने माझ्या कामावर शंका घेतली म्हणून.

तिसरी चूक सगळ्यात वाईट. पहाटे शेतावर जायला उपयोगी म्हणून मी पुढे दोन फॉग लॅम्प लावले. त्यांची तार इंजिनाकडून डॅशबोर्डमागे आणताना मी पत्र्याच्या भोकातून तशीच ओढली, रबरी ग्रोमेट घातलं नाही. दुकानात त्या मापाचं नव्हतं, नंतर घालू म्हटलं, ते राहिलं. काही महिन्यांनी फ्यूज जायला लागला. तोही नेहमी नाही, खराब रस्त्यावर कधीतरी. मी फ्यूज बदलत राहिलो, आणि शेवटी कंटाळून त्या जागी तांब्याच्या तारेचे पदर पिळून बसवले. माझ्या कामाच्या आयुष्यात कारखान्यातल्या पोरांनी असं केलं की मी त्यांना झापत आलो होतो.

अक्कलकोटहून स्वामींचं दर्शन घेऊन परतताना, रात्री, डॅशबोर्डमागून धूर आला. मागे सून आणि नातू बसले होते. दोघांना खाली उतरवलं. बॅटरीचा नट गंजलेला, पान्हा सीटखालच्या पेटीत, आणि पेटीवर सामान. तो नट सुटेपर्यंत आवरण जळत होतं. कुणाला इजा झाली नाही, याचं श्रेय मला नाही. आग धरण्याआधी नट सुटला एवढंच. पत्र्याच्या धारेने तारेचं आवरण घासून नेलं होतं आणि खड्ड्यात गाडी आदळली की उघडं तांबं बॉडीला टेकत होतं. फ्यूज पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. मी सांगणाऱ्यालाच काढून टाकलं.

त्यानंतर मी जुन्या वायरिंगबद्दल वाचायला लागलो. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेलं टीडब्ल्यूए ८०० हे बोइंग ७४७ हवेत फुटलं आणि २३० माणसं गेली. विमान सुमारे २५ वर्षं जुनं होतं. चार वर्षांच्या तपासाअंती निष्कर्ष निघाला की मधल्या टाकीतल्या इंधनाच्या वाफेचा स्फोट झाला, आणि बहुधा टाकीबाहेरच्या शॉर्ट सर्किटमुळे जादा व्होल्टेज इंधन मोजणाऱ्या तारांतून आत गेलं. नेमकी ठिणगी कुठून आली हे ठामपणे सांगता आलं नाही. तारा म्हाताऱ्या होतात याकडे विमानवाल्यांनी गंभीरपणे पाहिलं ते त्यानंतर. माझी जीप आणि ते विमान यांची बरोबरी नाही, पण आवरण कडक होणं, भेगाळणं आणि घासलं जाणं दोन्हीकडे सारखंच.

शेवटी मी गाडी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. मी बॉनेट उघडायला गेलो तर म्हणाले, “राहू द्या भाऊ. आधी सांगा, बंद पडते कधी? चढावर की खड्ड्यात? बंद पडली तेव्हा चार्जिंगचा दिवा लागला होता का? हॉर्न वाजत होता का?” मला एकाही प्रश्नाचं खात्रीचं उत्तर देता आलं नाही. इतक्या वेळा रस्त्यात उभा राहिलो, पण कधी काही टिपून ठेवलं नव्हतं. तारखा लिहिल्या असत्या तर सेल्फची तक्रार पासिंगनंतरची आहे हे एका नजरेत दिसलं असतं.

मग त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरलं, टर्मिनलवर नाही, खांबावर. दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. मला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा, आला तीनच्या वर. पट्टी सोडवली, खालचा रंग कानशीने घासून पत्रा चकचकीत केला, आवळली, वरून ग्रीस लावलं. खर्च काहीच नाही. मग त्यांनी सोलेनॉईडच्या टोकाला २१ वॅटचा बल्ब जोडला आणि इंजिन चालू ठेवून सगळी वायरिंग वीतवीत हलवत गेले. थिंबलपाशी हात येताच बल्ब विझला आणि इंजिन बंद. पुन्हा हलवलं, बल्ब पुन्हा लागला. बिघाड हातात आला तो असा: हवा तेव्हा आणता आला आणि हवा तेव्हा घालवता आला. त्यांनी तिथे थांबून मला ते स्वतःच्या हाताने करायला लावलं.

जाताना त्यांनी सोलेनॉईडच्या फीडवर डॅशबोर्डात एक छोटा दिवा लावून दिला. इंजिन बंद पडलं आणि दिवा जळत असेल तर डिझेल बघायचं, दिवाही गेला तर तार. वीस-तीस रुपयांचा हा दिवा मी पहिल्या दिवशी लावला असता तर फिल्टर, पंप आणि टाकी यांना हात लावावाच लागला नसता.

त्या पोराच्या टपरीवर मी दुसऱ्या दिवशी गेलो. गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच सांगितलं की चूक माझी होती, तू विचारलंस ते बरोबर होतं. तो म्हणाला, “काका, रंग घासून लावली ना पट्टी? मग झालं.” आणि हातातलं काम करत राहिला. पुढच्या गिऱ्हाइकाची बॅटरी लावताना मात्र त्याने मुद्दाम अर्थिंगचा बोल्ट सोडवून मला आतला गंज दाखवला.

आता गाडीत एक वही असते. तारीख, ऊन की पाऊस, रस्ता कसा, कोणते दिवे चालू होते, कशाला हात लावला. एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि ती लिहितो. धुराच्या त्या रात्रीनंतर बॅटरीला हाताने फिरणारा कट-ऑफ स्विच बसवला आहे, आणि पान्ह्याची पेटी सीटखालून काढून दाराजवळ आणली आहे.

सध्या डिझेलचा काटा मधूनच शून्यावर पडतो. टाकीत डिझेल असतं. सप्टेंबरच्या पावसापासूनच्या नोंदी पाहिल्या तर काटा पडतो तो ब्रेक दाबलेला असताना, आणि इंडिकेटर चालू असेल तर त्याच्या तालावर हलतो. मागच्या दिव्यांचं आणि टाकीतल्या फ्लोटचं अर्थिंग एकाच बोल्टला आहे. अजून तो मी सोडवलेला नाही. रविवारी मीटरचं एक टोक त्या बोल्टच्या तारेवर आणि दुसरं चासीवर धरणार आहे, ब्रेक दाबायला नातू बसणार आहे. आकडा ०.२ च्या वर गेला तरच पान्हा काढायचा.