वाचनाची आवक-जावक

कारकुनाची वही कारकुनी वळणाचीच निघावी यात नवल नाही. 2018 साली बदली होऊन मी बंगळूरला आलो आणि वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायचे ठरवले. पण वही आखायला बसलो तो कचेरीतल्या आवक रजिस्टराचेच रकाने हातातून उतरत गेले. अनुक्रमांक, पुस्तकाचे नाव, कोठून आले, हाती घेतल्याची तारीख, निकाली निघाल्याची तारीख, शेरा. वर्षाचा आरंभही एक एप्रिललाच. नियम एवढाच, की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याखेरीज पुस्तक निकाली काढावयाचे नाही. पत्नीने ती वही प्रथम पाहिली तेव्हा "ऑडिट कधी येणार?" एवढेच विचारले.

यंदा मार्चअखेरच्या एका रात्री ते ऑडिट मीच केले.

'कोठून आले' हा रकाना मला सर्वांत बोलका वाटला. परमुलखातल्या मराठी वाचकाची सारी यातायात त्यात उमटलेली आहे. कब्बन पार्कातल्या 1915 सालच्या तांबड्या इमारतीतले ग्रंथालय माझ्या फार आवडीचे. तिथवर झाडांच्या सावलीतून चालत जाण्यातच अर्ध्या वाचनाचे सुख मिळते. पण तिथून आलेली माझी पुस्तके बहुतेक इंग्रजी. मराठी पुस्तके येतात ती पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतून, लोणच्याच्या बरणीला टेकून. एका कादंबरीच्या मुखपृष्ठावर तेलाचा डाग अजून आहे. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबारात जयराम पिंड्ये आला, त्या दरबाराचे वर्णन करणारे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य त्याने रचले, राजवाड्यांनी ते 1922 साली छापून काढले. आणि त्याच बंगळुरात बसून वाचण्यासाठी मला ते महाराष्ट्रातून टपालाने मागवावे लागले! भैरप्पांचे 'पर्व' मी उमा कुलकर्णींच्या मराठीतून वाचले. शेजारच्या मेजावरचे गृहस्थ ते पाहून म्हणाले, "इतकी वर्षे इथे राहता आणि भैरप्पा मराठीत?" त्यांचे म्हणणे मला पटले. कन्नड अक्षरे आता मी लावून वाचतो. पण त्या वेगाने 'पर्व' निकाली निघेपर्यंत माझी सेवानिवृत्ती उजाडेल.

शेरे मात्र वाचवेनात. "चांगले." "बरे." "उत्तरार्ध सैल." अनुक्रमांक 87 पुढे "उत्कृष्ट" असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत, आणि त्या पुस्तकातले एकही पात्र मला आठवत नाही. डार्विनने 1838 पासून 1860 पर्यंत आपल्या वाचनाच्या याद्या ठेवल्या होत्या. आपण वाचलेल्या ग्रंथांची यादी पाहिली की स्वतःच्या उद्योगाचे आश्चर्य वाटते, असे त्याने आत्मचरित्रात म्हटले आहे. मला आश्चर्य वाटले ते दोन ओळींमधल्या अंतराचे. अनुक्रमांक 143 हा 2023 च्या जूनमध्ये निकाली निघाला आहे, आणि 144 हाती घेतला आहे तो नोव्हेंबरात.

मधले महिने आईच्या आजारपणाचे. काचबिंदूने तिची दृष्टी आधीच नेली होती. अंथरूण धरल्यावर तिने 'स्मृतिचित्रे' मागितले. तिची जुनी प्रत ट्रंकेत होती. कचेरीतून आलो की हातपाय धुऊन मी वाचायला बसे. वाचे म्हणजे नुसते उच्चारी. डोळे ओळींवरून चालत आणि मन औषधांच्या बिलांत, उरलेल्या रजेत गुंतलेले असे. ऐकणारी मात्र पक्की होती. एखादा शब्द गळला की ती हात वर करी. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या विलक्षण सोवळ्याची हकिगत तिने मला तीन वेळा वाचायला लावली आणि तिन्ही वेळा ती हसली. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, त्या भागाशी येताच म्हणाली, "हे नको आज. पुढचं वाच." एका संध्याकाळी पेंगत पेंगत मी एक अख्खे पान उलटून गेलो. "अरे, झोप आली असेल तर नीज," ती म्हणाली, "पण पान गाळू नकोस." गाळायचे ते ती गाळी; मला तो अधिकार नव्हता.

ऑक्टोबरात ती गेली. आम्ही तिसऱ्या भागात होतो.

त्या वाचनाची नोंद करावी हे मला तेव्हा सुचलेच नाही, असे म्हणणे सोयीचे होईल. खरे म्हणजे सुचले होते. पण पुस्तक पुरे झाले नव्हते, पाने गाळली होती. आणि वाचले तरी कोणी? डोळे माझे, वाचन तिचे. नियमात बसत नव्हते म्हणून नोंद केली नाही. नियमाच्या आड बसण्याची आम्हा लोकांना सवयच असते. डार्विनलाही घरची माणसे कादंबऱ्या वाचून दाखवीत. त्या त्याने कोणत्या यादीत मांडाव्यात?

त्या मार्चच्या रात्री नोंद केली. अनुक्रमांक 143 च्या खाली, समासात जागा काढून. कोठून आले: आईच्या ट्रंकेतून. हाती घेतल्याची तारीख अंदाजाने. 'स्मृतिचित्रां'चा शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या हातून पुरा झाला नाही. 1936 साली त्या गेल्या आणि राहिलेले काम त्यांच्या मुलाने, देवदत्तांनी, तडीस नेले. तो भाग मी अजून वाचलेला नाही. प्रत कपाटात आहे, आत बसच्या तिकिटाची खूण आहे. निकालाचा रकाना मोकळा ठेवला, आणि शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे ते ठरेना, तेव्हा पेन्सिलीने "प्रलंबित" असे लिहिले.