उकिरड्याची दैना



'उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ही म्हण करणारा माणूस शेतकरीच असावा. ज्या ढिगाजवळून शहरातला माणूस नाकाला रुमाल लावून जातो, तोच ढीग एके दिवशी गाडीत भरून शेतात पडतो आणि पुढे कणसातला दाणा होऊन घरी परत येतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. बारा वर्षे कशाला, खत मुरेपर्यंत धीर धरला तर वर्षाच्या आतच उकिरड्याचे सोने होत असे. अलीकडे मात्र गावोगाव फिरताना मला असे उकिरडे दिसतात, की त्यांची दैना बारा काय, शंभर वर्षांतही फिटायची नाही. त्याविषयीच आज चार गोष्टी आपणांशी बोलायच्या आहेत.

अक्कलकुवा तालुक्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. देवगोईचा घाट चढून मोलगीकडे जावे, तिथून पाड्यापाड्यांवर पायी फिरावे, असा आमचा विस्तार अधिकाऱ्यांचा शिरस्ता. त्या काळी डोंगरातल्या घरात कचरा शोधायचा म्हटला तरी सापडत नसे. भिंती बांबूच्या कुडाच्या, वरून शेणामातीने लिंपलेल्या. पाण्याला वाळवलेला भोपळा. धान्याला बांबूची सारवलेली कणगी. पंगतीला पळसाच्या किंवा सागाच्या पानांच्या पत्रावळी. चुलीतली राख भांडी घासायला, आणि उरलेली चाळून कडधान्याच्या बियाण्यात मिसळायला, म्हणजे भुंगा लागत नाही.

आमचूर करण्याच्या दिवसांतले घर तर पाहण्यासारखे असते. उन्हाळ्यात कैऱ्या उतरवून बायका-मुले सारी साली काढायला बसतात. फोडी उन्हात वाळतात आणि मोलगीच्या बाजारात जातात. साली शेळ्यांपुढे जातात. कोयी अंगणाच्या कडेला पडतात, आणि पावसाळा लागला की त्यांतल्या काहींना कोंब फुटतात. एका आजीला मी विचारले होते, "तुमच्या घरचा कचरा कुठे टाकता?" तिला प्रश्नच कळेना. दोनदा विचारल्यावर तिने आपल्या बोलीत जे सांगितले त्याचा अर्थ असा, की उरते ते कुणाचे ना कुणाचे असतेच. शेळीचे असते, कोंबडीचे असते, नाहीतर शेताचे असते.

गरिबीचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. रस्ता आला, दुकान आले, साबण आला, दवाखाना जवळ आला, हे चांगलेच झाले. पण दुकानातली प्रत्येक वस्तू आपल्याबरोबर एक वेष्टन घेऊन येते. चहाची पुडी, शाम्पूची पुडी, तेलाची पिशवी, मुलांच्या खाऊची चकचकीत पाकिटे. वस्तू संपते, वेष्टन राहते. शहरात सकाळी घंटागाडी येते आणि कचरा डोळ्यांआड नेते. आपल्या बहुतेक पाड्यांवर अशी गाडी येत नाही. म्हणजे घरात जे आले ते गावातच राहणार. ते उकिरड्यात जाईल, तिथून शेतात जाईल, नाहीतर नाल्यात जाईल. आपल्या सातपुड्याच्या एका अंगाचे पाणी नर्मदेला मिळते आणि दुसऱ्या अंगाचे तापीला. नाल्यात टाकलेली पिशवी कोणत्या गावाच्या पाणवठ्यावर जाऊन अडकेल, सांगता येत नाही.

शेतात काय होते ते मी पाहिले आहे. शेणखत पसरलेल्या एका मक्याच्या शेतात निंदणी चालली होती. बायकांच्या खुरप्याला गवताऐवजी प्लास्टिकच्या चिंध्याच अडकत होत्या. दुपारपर्यंत बांधावर त्यांचा ढीग झाला. घरमालक म्हणाला, "साहेब, खत तर घरचेच टाकले." खत घरचे होते, पण उकिरड्यात घराने दुकानही ओतले होते. असे तुकडे मातीत कुजत नाहीत. ते फक्त बारीक बारीक होत जातात, पाणी मुरण्याच्या आणि मुळे पसरण्याच्या आड येतात.

त्याहून वाईट गोष्ट गोठ्याची. शिळे अन्न पिशवीत गाठ मारून फेकायची सवय आपल्याला लागली आहे. गाईला गाठ सोडता येत नाही. ती अन्नासाठी पिशवीच गिळते. ती पिशवी पोटाच्या पहिल्या कप्प्यात जाऊन बसते. पुढे जाऊ शकत नाही, रवंथात नीट परत येत नाही. एकीवर दुसरी चढते आणि दोरखंडासारखा गोळा होतो. जनावर फुगते, खाणे सोडते, वाळत जाते. घरच्यांना वाटते, नजर लागली. मेल्यावर पशुवैद्यकाने पोट फाडले की कारण बाहेर पडते. ऐन पेरणीच्या तोंडावर जोडीतला एक बैल गेला, तर कोरडवाहू शेतकऱ्याचे ते वर्ष कसे जाते, हे आपणांस मी सांगायला नको.

मग करायचे काय? माझे सांगणे एका ओळीचे आहे: जे मातीतून आले ते मातीला द्यावे, आणि जे दुकानातून आले ते उकिरड्याच्या वाटेला जाऊ देऊ नये. दोन्ही एकत्र झाले की दोन्ही वाया जातात. प्लास्टिक मिसळलेले शेणखत निकामी, आणि शेणाने बरबटलेले प्लास्टिक भंगारवालाही घेत नाही. म्हणून घराच्या दारातच दोन ठिकाणे करा. एक टोपली भाजीची देठे, साली, खरकटे, झाडलोट आणि चुलीची राख यांसाठी. भिंतीच्या खुंटीला एक जुने पोते टांगा, ते प्लास्टिक, काच, पत्रा यांसाठी. दुसरा खर्च काही नाही. आठवडाभर असे केलेत की आपल्या लक्षात येईल, टोपली रोज भरते आणि पोते तळाशीच राहते. म्हणजे ज्याला आपण कचरा म्हणतो त्यातला मोठा वाटा खताचाच असतो.

आता खताचे. उघड्यावर, उन्हापावसात पडलेला उकिरडा म्हणजे गळकी तिजोरी. उन्हाने नत्र उडून जाते आणि पावसाने उरलेला कस वाहून जातो. चांगल्या मुरलेल्या १ टन शेणखतात साधारण ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद आणि ५ किलो पालाश असते. नुसत्या नत्राचाच हिशेब केला तरी तो जवळजवळ ११ किलो युरियाइतका होतो. हे नत्र पिकाला हळूहळू मिळते हे खरे, पण जमीन भुसभुशीत राहते आणि पावसाची ओल धरते. ते काम युरियाच्या पोत्याने होत नाही.

ही विद्या कुणा परक्याने आपल्याला शिकवली असेही नाही. नर्मदेपलीकडे इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली, आणि ती जगभर गेली. त्यासंबंधीचे १९३१ सालचे पुस्तक त्यांनी एकट्याने लिहिले नाही. त्यावर यशवंत वाड यांचेही नाव आहे. हॉवर्ड यांनी पिकांची आणि जमिनीची निगा इथल्या शेतकऱ्यांकडे पाहून शिकल्याचे मोकळेपणाने सांगितले आहे. पुढे आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी 'नाडेप' टाके काढले. नाव ऐकून काही जणांना ते परदेशी वाटते. ती त्यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत.

नाडेपचे टाके आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असते. विटांच्या भिंतीत हवेसाठी भोके सोडतात. आत काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर कोरडी माती, असे थरावर थर रचून वरून शेणामातीने लिंपतात. साधारण १०० किलो शेणात अख्खे टाके भरते आणि तीन-चार महिन्यांत खत होते. ज्यांच्याकडे जनावरे थोडी त्यांना ही पद्धत विशेष सोयीची.

पण विटांना पैसा नाही म्हणून अडून बसू नका. झाडाच्या सावलीत, पाणी साचणार नाही अशा जागी बांबूच्या ताट्यांचा चौकोन उभा केला तरी चालतो. बांबू आपल्या डोंगरात आहेच. घरची टोपली रोज त्यात रिकामी करा, वर ओंजळभर माती टाका, आठवड्यातून एकदा शेणकाला शिंपडा. पऱ्हाटी किंवा तुरीच्या काड्या घालायच्या तर तुकडे करून घाला. ओल किती असावी? मूठभर कचरा दाबून पाहा. हाताला ओल लागावी, पण पाणी ठिबकू नये. महिन्याने एकदा वरचे खाली करा. दुर्गंधी सुटली तर समजावे, पाणी जास्त झाले किंवा हवा कमी पडली. थोडा कोरडा पालापाचोळा मिसळला की ती जाते. तयार खताला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो.

न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणीही दारात साचू देऊ नका. चर काढून ते दोन केळी, एक पपई आणि अळूच्या वाफ्याला सोडा. डास कमी होतील आणि भाजी घरची होईल.

आता त्या खुंटीवरच्या पोत्याकडे वळू. ते भरल्यावर कुठे न्यावे हा पुढचा प्रश्न. आधी ते भरूच नये असे पाहावे. आमच्या घरी सौभाग्यवतीने माझ्या जुन्या पँटींच्या पिशव्या शिवल्या आहेत. बाजाराला निघताना पिशवी घेतल्याशिवाय ती मला उंबरठा ओलांडू देत नाही. तेलाला किटली न्यावी. शाम्पूच्या दहा पुड्यांऐवजी एक बाटली घ्यावी. लग्नकार्यात थर्मोकोलच्या ताटल्या आणण्यापेक्षा पळसाच्या पत्रावळी सांगाव्यात. चार घरांना रोजगार मिळतो आणि पंगत उठल्यावर पत्रावळी खड्ड्यात कुजतात. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने अशा पिशव्यांवर आणि थर्मोकोलच्या ताटल्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून देशभरात एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तू बंद झाल्या. पण कायद्याचा हात पाड्यावरच्या दुकानापर्यंत पोचायला वेळ लागतो. गिऱ्हाइकाने 'पिशवी नको' म्हटले की त्याच क्षणी काम होते.

एका गोष्टीत मात्र कसलीही काटकसर नको. कीटकनाशकाचा डबा कितीही चांगला दिसला तरी तो पाण्याला, तेलाला, मिठाला वापरू नये. कितीही घासला तरी विष जात नाही. मी घरांत असे डबे पाहिले आहेत आणि तिथल्या तिथे बाहेर काढायला लावले आहेत. औषध संपले की डबा तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता आणि डबा भोसकून निकामी करा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही रिकामे डबे पुन्हा वापरले जाऊ नयेत, ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे सांगितले आहे. विहिरीजवळ आणि नाल्याकाठी तर मुळीच नको. जुने सेल आणि मुदत संपलेल्या गोळ्याही खताच्या टोपलीत जाऊ देऊ नका.

आणि प्लास्टिक जाळू नका. विशेषतः चुलीत तर नकोच. त्याच्या धुरात विषारी वायू असतात, आणि चुलीसमोर घरची बाई बसलेली असते, तिच्या मांडीवर मूल असते. आग लवकर पेटावी म्हणून टाकलेली एक पिशवी त्या दोघांच्या छातीत जाते.

काही जण मला म्हणतात, "साहेब, एका घराने केले म्हणून काय होणार?" एका घराने केले तर एका घराचा बैल वाचतो आणि एका घराचे शेत स्वच्छ राहते, त्या घरापुरते हे थोडे नाही. गावाचे काम मात्र गावानेच करायचे आहे. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन दिले आहे. शिवाय स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात ग्रामीण भागातला घनकचरा आणि सांडपाणी हे विषय घेतलेले आहेत. पोत्यांतला सुका माल ठेवायला एक जागा आणि तो उचलायची एक तारीख, एवढे दोन ठराव तरी ग्रामसभेत मागा.

शेवटी बंधूंना वेगळे सांगतो. झाडू, टोपली, शेण, राख ही सारी कामे आपण घरच्या बाईवर टाकून मोकळे झालो आहोत. गाडगेबाबांनी आयुष्यभर गावोगाव झाडू फिरवला. संध्याकाळी कीर्तनात ते ज्यांना दोन शब्द सुनवीत, त्यांत पुरुष मंडळी बरीच असत. राज्यात २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा गावेच्या गावे झाडून निघाली, कारण पुरुषांनीही हाती झाडू धरला. तसेच घरात व्हावे. टोपली तिने भरली तर खड्डा त्याने खणावा. खुंटी त्याने ठोकावी, पोते मुलांनी सांभाळावे.

यंदा शेणखत शेतात नेण्याआधी एक दिवस काढा. घरातल्या सर्वांनी मिळून उकिरडा उपसा आणि त्यातले प्लास्टिक वेचून काढा. पहिल्या वर्षी कंबर दुखेल. दुसऱ्या वर्षापासून वेचायला फारसे काही उरू नये, एवढी काळजी दारातल्या टोपलीपासून घ्या.