छापलंय कुठे?

आमच्या जुन्या कल्याणकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माहितीला कधी तोटा नव्हता. दुर्गाडी, सुभेदार वाडा, शेणाळे तलाव, पारनाक्यावरचे वाडे... रोज सकाळी काहीतरी येऊन पडायचं, संध्याकाळपर्यंत वर सरकून दिसेनासं व्हायचं आणि काही महिन्यांनी तेच थोडं तिखटमीठ लावून परत यायचं. त्यात मोलाचं खूप होतं. ते असं वाया जाताना बघवेना, म्हणून मी ग्रुपवर विषय काढला : हे सगळं मराठी विकिपीडियावर नेऊ या.

पहिला आक्षेप एका निवृत्त शिक्षिकेचा. "वाईच्या विश्वकोशात जाणकार लिहितात. इथे कोणीही येऊन काहीही लिहिणार, मग भरवसा कसला?" प्रश्न रास्तच होता. मी त्यांना 'इतिहास' उघडून दाखवला. कोणी, कधी, कोणता शब्द बदलला ते सगळं तिथे दिसतं आणि चुकीचा बदल लगेच मागे घेता येतो. १ मे २००३ पासून मराठी विकिपीडिया असाच चारचौघांत घडत आलाय. नवख्यांना हात बसवायला 'धूळपाटी' आहे. बाईंनी तिथे आपल्या आळीविषयी चार ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या. मग मात्र त्यांना थांबवावं लागेना.

सुरुवात रेल्वेपासून झाली. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी कल्याणला आली, असा मजकूर ग्रुपवर दरवर्षी फिरायचा. रेल्वेत हयात घालवलेल्या एका काकांना तो खटकायचा. त्या दिवशी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यापर्यंत. कल्याणची वाहतूक सुरू झाली १ मे १८५४ ला. काकांनी पुस्तक काढलं, पानाचा क्रमांक दिला, संदर्भ कसा जोडायचा ते नातीकडून शिकून घेतलं. तोपर्यंत ग्रुपवर आवाज ज्याचा मोठा त्याचं खरं, असा रिवाज होता.

खरा कस लागला डॉ. आनंदीबाई जोशींपाशी. कल्याणच्या जोशी घराण्याची ही लेक. ३१ मार्च १८६५ चा जन्म, माहेरचं नाव यमुना, नवव्या वर्षी लग्न आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टरकीची पदवी. आमच्यापैकी प्रत्येकाला त्या घरच्याच वाटतात. जन्म कल्याणचा की पुण्याला आजोळी, यावर मात्र चर्चापानावर चांगलीच जुंपली. छापील पुस्तकांत दोन्ही गावं सापडतात. "कल्याणच ठेवा, आपण कल्याणकर आहोत ना!" असं एकाने लिहिलंही. अस्मिता मलाही आहे, पण ती संदर्भाच्या जागी चालत नाही. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये लिहिलेलं इंग्रजी चरित्र आणि काशीबाई कानिटकरांचं मराठी चरित्र, दोन्ही वाचायला घ्यायची असं ठरलं. कोण काय म्हणतं ते ज्याच्या-त्याच्या नावानिशी द्यायचं, निवाडा आपण करायचा नाही, यावर शेवटी सगळे आले. ज्यांनी आनंदीबाईंचं फक्त नाव ऐकलं होतं अशा कितीतरी जणांनी त्या वादापायी त्यांचं चरित्र वाचलं. याचा आनंद मला लेख पुरा झाल्यापेक्षा जास्त आहे.

ग्रुपची बोलण्याची रीतही हळूहळू बदलली. काही आलं की कोणीतरी विचारतं, "छापलंय कुठे?" यात कोणी कोणाचा अपमान मानत नाही. १८६४ मध्ये स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय गावात आहे, हे काहींना नव्याने आठवलं.

पण याच प्रश्नाची दुसरी बाजू मला अजून सुटलेली नाही. ग्रुपमधल्या एका आजोबांना स्टेशनाबाहेरचे टांगे लख्ख आठवतात. घोड्यांना पाणी कुठे पाजायचे, रात्रीच्या शेवटच्या गाडीला कोण थांबायचं, पावसाळ्यात भाडं कसं वाढायचं. त्यांनी हौसेने लिहिलं आणि कोणा अनोळखी संपादकाने ते काढून टाकलं. संदर्भ नाही. नियम चुकीचा नाही, तो नसता तर आमचे जुने फॉरवर्ड तसेच तिथे जाऊन बसले असते. तरीही १८८२ मध्ये सरकारने छापलेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर चालतं आणि डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची साक्ष चालत नाही, हे आजोबांना कसं समजवायचं? ते दुखावले, आणि मला त्यांचं दुखणं पटतं. टांगेवाल्यांवर पुस्तकं लिहायला तेव्हा कोणाला सवड होती?

तेव्हा आता आम्ही उलट्या टोकाने निघालोय. जे छापलेलं नाही ते आधी छापायचं. आजोबा सांगतात, शिक्षिकाबाई लिहून घेतात, काका तारखा ताडून पाहतात. मजकूर एखाद्या दिवाळी अंकाकडे पाठवायचा, संपादकांनी पारखून तो घेतला तर संदर्भ म्हणून त्याचा विचार तरी होईल. सध्या गाडी अडलीय ती टांगा स्टँडच्या नेमक्या जागेवर. आजोबा एक कोपरा सांगतात, काका दुसरा. रविवारी दोघांनाही स्टेशनाबाहेर उभं करून विचारायचं ठरलंय, आणि त्या काळचं आणखी कोणी सापडतं का, याचा शोध चालू आहे.