आराखडा आणि घागर

अकरावीच्या वर्गाला कथालेखन शिकविण्याचे काम प्रथम माझ्याकडे आले, तेव्हा जवळ उत्साह होता आणि एक आकृती होती. गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली नाट्यतंत्रावरील आपल्या ग्रंथात मांडलेला त्रिकोण मी फळ्यावर काढला : प्रास्ताविक, चढती क्रिया, उत्कर्षबिंदू, उतरती क्रिया आणि शेवट. 'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' या प्रश्नावर वाढलेल्या मुलांना तो परका वाटला नाही. मुद्द्यांच्या जागी पायऱ्या आल्या, तात्पर्याच्या जागी उत्कर्षबिंदू आला, इतकेच.

आकृतीचा उपयोग झाला नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. एका मुलाने गावच्या जत्रेवर बारा पाने लिहिली होती. घटना पुष्कळ, पण एकीतून दुसरी निपजत नव्हती. 'आणि मग' खोडून तेथे 'म्हणून' किंवा 'तरीही' बसते का ते पाहा, एवढेच मी सुचविले. चार पानांत त्याची कथा उभी राहिली. ॲरिस्टॉटलपासून फॉर्स्टरपर्यंत चर्चिला गेलेला कार्यकारणभाव त्या दिवशी मला वहीच्या पानावर दिसला.

त्याच वर्गातील एका मुलीने टँकरची वाट पाहणाऱ्या घागरींच्या रांगेविषयी लिहिले होते. सकाळ होते, दुपार होते, दिवस मावळतो. टँकर येत नाही. मी समासात लाल शाईने लिहिले : 'उत्कर्षबिंदू कोठे?' तिने निमूटपणे कथा पुन्हा लिहिली. आता टँकर आला, झुंबड उडाली, धाकटा भाऊ चाकाखाली सापडला. वर्गाने टाळ्या वाजविल्या. तास संपल्यावर ती जवळ येऊन म्हणाली, "सर, पण आमच्याकडे टँकर आलाच नव्हता."

मी निरुत्तर झालो. फ्रायटागचा विचार पाच अंकी नाटकाचा होता, हे मला ठाऊक होते. फडक्यांचे 'प्रतिभासाधन' आणि त्यानंतर गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या नवकथेने सैल केलेली कथानकाची पकड, यांवर परीक्षेत उत्तरे लिहून मी गुणही मिळविले होते. ते ज्ञान वर्गात शिरताना मी दाराबाहेर ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिचा पहिला खर्डा पुन्हा वाचला. ज्यानंतर काहीच पूर्वीसारखे राहत नाही अशी जागा कोणती, असे मी विचारले. तिने बराच विचार करून एका वाक्यावर बोट ठेवले. तेथे आई अंधारात घरी निघते, पण घागर रांगेतून उचलीत नाही. आराखड्याने शोधायला हवे होते ते तेथेच होते. मी ते मोठ्या आवाजाच्या घटनेत शोधीत होतो.

तेव्हापासून त्रिकोण मी पहिला खर्डा हाती आल्यानंतरच काढतो. रचना शिकवावी, असे मला आजही वाटते. मात्र मुलांनी काय पाहिले आहे ते आधी ऐकून घ्यावे, हा धडा मला त्या मुलीने दिला.