न पडलेले पाणी

आषाढ सरता सरता कोडगूच्या डोंगरांत पाऊस स्थिरावतो, कावेरीवरील धरणे भरत येतात आणि बंगळूरच्या लोकांना शिवनसमुद्राची आठवण होते. सुट्टीच्या दिवशी पहाटे निघायचे, रामनगरचे उघडे खडक आणि चन्नपट्टणच्या रंगीत खेळण्यांची दुकाने मागे टाकायची, मद्दूरला वडा खायचा आणि मळवळ्ळीवरून नदी गाठायची, असा हा सुमारे 130 किलोमीटरांचा ठरलेला प्रवास. तेथे कावेरी एका बेटाला वळसा घालताना दुभंगते. तिचा पश्चिमेकडील प्रवाह गगनचुक्कीला कोसळतो, पूर्वेकडील भरचुक्कीला. पहिला समोरच्या कड्यावरून पाहायचा आणि दुसऱ्यापाशी पायऱ्या उतरून जायचे, हा प्रेक्षकांचा शिरस्ता.

काही वर्षांपूर्वी अशाच गर्दीत एक मराठी कुटुंब होते. शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठीशी संबंध असलेल्या या शहरात अशी कुटुंबे थोडी नाहीत. मुले तुषारांत भिजत होती, मोठी माणसे छायाचित्रे काढत होती. आजीने मात्र पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला आणि तो धबधब्याखालच्या पाण्याने भरून आणायला मुलाला सांगितले. नातू हसून म्हणाला, "आजी, घरी नळाला हेच तर पाणी येतं!" आजीने तांब्याची फिरकी घट्ट केली. "ते येतं रे. हे आपण आणायचं," ती म्हणाली.

नातवाचे म्हणणे भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे बरोबरच होते. या नदीने बंगळूरला आधी प्रकाश दिला आणि मग पाणी. म्हैसूर संस्थानाचे दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने येथे वीजकेंद्र उभे राहिले. 1902 मध्ये येथली वीज सुमारे दीडशे किलोमीटरांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोचली. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर, 1905 मध्ये. ज्या खाणींसाठी हा सारा खटाटोप झाला त्या 2001 मध्ये बंद पडल्या. सोने संपले, नदी वाहत राहिली.

पाण्याची कथा अधिक विलक्षण आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेले, आणि त्याला स्वतःची मोठी नदी नाही. 1974 पासून कावेरीचे पाणी नळांतून या शहरात येऊ लागले. सुमारे 100 किलोमीटरांचे अंतर आणि जवळजवळ 500 मीटरांची चढण ते पंपांच्या बळावर, तीन टप्प्यांत पार करते. कड्यावर उभा राहणारा माणूस पाण्याचे पडणे पाहून हरखतो. त्याच्या घरचे पाणी मात्र पडणारे नसते. ते चढवावे लागते. आणखी एक गोष्ट नातवाच्या पुस्तकात नव्हती. शहरासाठीचे पाणी धबधब्याच्या वरच्या अंगालाच, बंधाऱ्यापाशी वळवून घेतले जाते. नळात येते ते कड्यावरून न पडलेले पाणी. तांब्यातले आणि नळातले पाणी एकाच नदीचे खरे, परंतु त्यांच्या वाटा कड्याच्या आधीच वेगळ्या झालेल्या असतात.

उन्हाळ्यात येथे येणारे निराश होऊन परततात. काळ्या खडकावरून दोन-चार धारा ओघळताना पाहून 'पाहण्यासारखे काही नव्हते' असे सांगतात. जे दिसले नाही त्यातले काही आपल्याच टाकीत साठले आहे, हे मनात येत नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कावेरीच्या वाटपात बंगळूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी 4.75 टीएमसी अधिक देऊ केले. 2024 च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या, टँकरसाठी रांगा लागल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. यांपैकी कशालाही सरसकट दोष देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. डोक्यावरून हंडे वाहणाऱ्या बाईच्या कष्टांत काव्य शोधणे हा नळ असलेल्या माणसाचा छंद आहे. आजीनेही तरुणपणी विहिरीचे पाणी शेंदले असणार, आणि नळ आला तेव्हा तिला हायसेच वाटले असणार. तरीही 'येणे' आणि 'आणणे' या दोन क्रियापदांतला भेद तिला ठाऊक होता. आणलेल्या पाण्याला अंतर असते. ते सांडले तर कळते. आलेल्या पाण्याचे अंतर पंपांनी गिळलेले असते, आणि म्हणून ते वाहून गेले तरी कोणाच्या हाताला जाणवत नाही.

ते कुटुंब रात्री उशिरा घरी पोचले. तांब्या देवघरात ठेवला गेला. मुलांच्या पायांना नदीकाठचा चिखल लागला होता. आजीने त्यांना न्हाणीघरात नेले, नळ सोडला, आणि बादली अर्धी भरताच बंद केला.