पेल्यांची सोयरीक

चि. बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले, आणि सोबत पाठवलेला शनिवारच्या बैठकांचा मसुदाही सावकाश वाचला. जुने, परंतु एका विशिष्ट भक्तमंडळाने मरू न दिलेले भयपट मित्रांना दाखवायचे आणि प्रत्येकासोबत त्याच्या प्रकृतीला शोभेलसे एकेक कॉकटेल द्यायचे, ही कल्पना मला मनापासून आवडली. मात्र 'ड्रॅक्युला'पुढे ब्लडी मेरी, 'कॅरी'पुढे डाळिंबाच्या पाकाने रंगवलेली व्होडका आणि त्यापुढेही पुन्हा काहीतरी लालच, अशी ती फेरिस्त वाचता वाचता ध्यानात आले की, तू सगळ्या सोयरिकी केवळ वर्णावरून जुळवल्या आहेस. रक्त लाल आणि टोमॅटोचा रसही लाल, एवढ्या पुराव्यावर नाते शाबीत होत नाही. त्यातून 1931 चा तो 'ड्रॅक्युला' कृष्णधवल, आणि त्यातला बेला लुगोसीचा काउंट पाहुण्यापुढे वाइन ठेवून आपण स्वतः ती घेत नसल्याचे सभ्यपणे सांगणारा. तेव्हा त्याच्या नावाने टोमॅटोचा रस ढवळण्याचे प्रयोजन मला तरी उमगले नाही.

लग्न ठरवताना जुनी माणसे रंगाआधी कूळ विचारीत, तोच शिरस्ता येथे पाळावा असे माझे मत आहे. पेय आणि चित्रपट एकाच इतिहासातून आले आहेत काय, किंवा निदान ते पेय त्या कथेत काही कामगिरी बजावते काय, एवढी चौकशी आधी करावी. रंगाचे मग पाहता येईल.

या कसोटीला सर्वांत खरा उतरणारा चित्रपट तुझ्या फेरिस्तीत नाहीच. व्हिक्टर हॅल्परिन यांचा 1932 चा 'व्हाइट झोंबी' पहिल्याच शनिवारी लाव. हैतीतील एका साखरेच्या घाण्याचा मालक, म्हणजे पुन्हा लुगोसीच, मेलेल्या माणसांना उठवून आपल्या घाण्याला जुंपतो. लाकडी यंत्राच्या करकरीवाचून तेथे दुसरा आवाज नाही, आणि त्या रांगेतला एक मजूर तोल जाऊन खालच्या चरकात पडतो तेव्हा मागच्याची चाल यत्किंचितही मंदावत नाही. प्रसंग काही क्षणांचाच, पण बाकीच्या चित्रपटातला अभिनय कितीही बाळबोध वाटला तरी एवढ्यासाठी तो पाहावा. ज्या भूमीवर अठराव्या शतकात फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या घामावर अमाप साखर पिकवली, आणि ज्या गुलामांनी 1791 मध्ये बंड पुकारून 1804 मध्ये स्वतःचे राज्य स्थापन केले, तेथील लोकांच्या कल्पनेतील भयाची परमावधी मृत्यू ही नसून मृत्यूनंतरही मळ्यावरची हजेरी न चुकणे ही असावी, यात नवल ते काय? तिथला झोंबी कोणाला खात नाही; त्यालाच कोणीतरी राबवून खाल्लेले असते. 1915 पासून 1934 पर्यंत हैतीवर अमेरिकेचा लष्करी अंमल होता. त्या अमदानीत तेथे हिंडून आलेल्या विल्यम सीब्रुक यांनी 1929 च्या आपल्या पुस्तकात उसाच्या मळ्यात राबणाऱ्या प्रेतांची हकीगत लिहिली, आणि त्या पुस्तकामागोमाग हा चित्रपट आला.

आता पेल्याकडे वळू. 1933 च्या डिसेंबरात अमेरिकेतील दारूबंदी उठली, आणि त्या सुमारास हॉलिवुडमध्ये 'डॉन द बीचकोंबर' या नावाने मागाहून गाजलेला गुत्ता काढून बसलेल्या अर्नेस्ट रेमंड ब्यूमाँट गँट या गृहस्थाने, जो पुढे डॉन बीच म्हणूनच ओळखला गेला, 'झोंबी' नावाचे पेय सिद्ध केले. (चित्रपटातील मळेवाल्याचे आडनावही ब्यूमाँटच आहे, यातून काही निष्पन्न होत नाही, पण असे योगायोग सांगितल्यावाचून मला राहवत नाही.) रम ही उसाच्या मळीपासून होते, म्हणजे पडद्यावर जो घाणा फिरतो त्याच्याच तळाशी उरलेला माल तुझ्या पाहुण्यांच्या पेल्यात यायचा आहे. या गृहस्थाची गुप्तता अशी की, त्याच्या बाटल्यांवर केवळ सांकेतिक नावे आणि आकडे असत आणि मिश्रण करणाऱ्या नोकरांनाही आपण काय ओततो याचा पत्ता नसे. जेफ बेरी नावाच्या संशोधकाने जुन्या नोकरांच्या टिपणवह्या धुंडाळून 1934 ची मूळ कृती 2007 मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे कळले की 'डॉन्स मिक्स' हे गूढ प्रकरण म्हणजे दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस आणि एक भाग दालचिनीचा पाक, इतकेच होते. पोर्तो रिकोची सोनेरी रम 45 मिलिलिटर, जमैकाची मुरलेली रम तितकीच, आणि त्यावर डेमेरारा प्रांताची 75.5 टक्के मद्यार्काची जहाल रम 30 मिलिलिटर. मग लिंबू, ते मिश्रण, फलेर्नम नावाचा लवंग-आल्याचा पाक, डाळिंबाचा थोडा पाक, कडू अर्काचा आणि बडीशेपेच्या वासाच्या पेर्नोचा थेंबा-थेंबांनी शिडकावा, आणि हे सारे बर्फाच्या चुऱ्यासह क्षणभर घुसळायचे. जिभेला हे सरबतच लागते, आणि धोका आहे तो तिथेच. आपल्याकडच्या हिशेबाने एका पेल्यात जवळजवळ पाच छोटे पेग भरतात. खुद्द गँटने एका गिऱ्हाइकास दोनांहून अधिक न देण्याचा दंडक घातला होता. तू एकावर थांब, आणि परतीच्या गाड्यांची व्यवस्था आधी लाव.

'द शायनिंग'साठी तू बर्बन लिहिलीस ती गैर नाही, कारण त्यातला जॅक टॉरन्स हॉटेलच्या रिकाम्या बारसमोर बसून तीच मागतो. पण स्टॅन्ली कुब्रिक यांच्या या 1980 च्या चित्रपटातला मला महत्त्वाचा वाटतो तो पेला निराळाच आहे. हिवाळ्यात हॉटेल बंद करताना विम्याचा हप्ता कमी बसावा म्हणून सगळे मद्य तेथून हलवले जाते, हे व्यवस्थापक आरंभीच बजावून सांगतो. म्हणजे पुढे बारमन लॉइड जे ओततो ते मुळात तेथे नाहीच. दुसऱ्या भेटीत जॅक पैसे काढू लागतो तर ते घेतले जात नाहीत, कारण तसा वरून हुकूम आहे. कोणाचा, हे लॉइड सांगत नाही. पैसे नाकारणारा दुकानदार पाहून ज्याच्या पोटात गोळा येत नाही, त्याने कर्ज काढलेलेच नसावे! याच वेळी गर्दीतून एक वाढपी येतो आणि त्याच्या हातचे ॲडव्होकाट जॅकच्या कोटावर सांडते. कोट पुसण्याच्या निमित्ताने दोघे त्या रक्तवर्णी प्रसाधनगृहात जातात, आणि बायकामुलांचे काय करायचे याची मसलत तेथे होते. सगळी कथा उतारास लागते ती एका सांडलेल्या पेल्याने. ॲडव्होकाट म्हणजे अंड्याचा पिवळा बलक, साखर आणि ब्रँडी यांचे डच पद्धतीचे दाट मद्य. बाटली न मिळाल्यास बलक व साखर फेसून त्यात ब्रँडी घाल, भांडे उकळत्या पाण्याच्या वाफेवर धर आणि सतत ढवळत राहा. चमच्याच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ मिटेनाशी झाली की उतरव, कारण त्यापुढे क्षणभर जरी रेंगाळलास तरी हाती गोड भुर्जी येईल. गार झाल्यावर त्यात लिंबू आणि फसफसते लेमोनेड घातले की इंग्रज लोक नाताळात पितात ते 'स्नोबॉल' तयार. चित्रीकरण बव्हंशी इंग्लंडातच झाले, आणि चित्रपटातील झुडपांच्या चक्रव्यूहातला बर्फ मीठ व फोमचा होता, हे लक्षात घेता हा खोटा हिमगोळाच तिथे शोभतो.

'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (1935) याविषयी मात्र तुझी निवड मला मान्य आहे, जरी कारण तुला ठाऊक नसावे. 'कॉर्प्स रिव्हायव्हर नंबर टू' हे पेय तू नावावरून उचललेस. पण त्याचा पाया जिन आहे, आणि अर्नेस्ट थेसिजर यांनी अजरामर केलेला डॉक्टर प्रिटोरियस आपल्या खोलीत जिनचाच पेला उंचावून देव-राक्षसांच्या नव्या जगाचे स्वागत करतो. जिन हा आपला एकमेव दुर्गुण आहे असे तो सांगतो, आणि पुढे तळघरातल्या थडग्यावर जेवायला बसल्यावर तेच सिगारविषयी सांगतो. ही कृती हॅरी क्रॅडॉक यांच्या 1930 च्या 'सॅव्हॉय कॉकटेल बुक'मधली: जिन, क्वांत्रो, लिले आणि लिंबाचा रस समभाग, वर ॲब्सिंथचा एक शिंतोडा. लागोपाठ चार घेतल्यास उठलेले प्रेत पुन्हा निजेल, अशा आशयाची पुस्ती क्रॅडॉक यांनीच जोडली आहे.

दारिओ अर्जेन्तो यांच्या 'सस्पिरिया'ला (1977) डाळिंबाचा पाक नको, नेग्रोनी दे. येथे तुझा लाल रंग तुला परत मिळेल, आणि तोही कुळासकट: हा इटालियन चित्रपट जसा आपल्या अनैसर्गिक, डोळ्यांत शिरणाऱ्या तांबड्या छटांसाठी ख्यात, तशीच इटालियन कँपारीही, आणि ते मद्य कितीतरी वर्षे कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढलेल्या रंगाने लाल होत असे, ही चाल कंपनीने 2006 मध्ये सोडली. छतातून अळ्यांचा वर्षाव होण्याचा प्रसंग आला की हे पाहुण्यांस सांग. आधी सांगू नकोस. जिन, कँपारी आणि गोड व्हर्मूथ समप्रमाणात, वर संत्र्याच्या सालीची चकती. 'रोझमेरीज बेबी'च्या दिवशी मात्र काहीही कालवण्याच्या भानगडीत पडू नये. शेजाऱ्याने आणून दिलेल्या पेल्याची ती कथा, तेव्हा प्रत्येकाच्या हाती सीलबंद बाटली ठेवणेच शिष्टाचारास धरून होईल.

आणखी एक लहानसे ध्यानात ठेव. मध्यरात्रीच्या खेळांची प्रथा न्यूयॉर्कमध्ये 1970 च्या अखेरीस एल्गिन थिएटरात 'एल टोपो'ने रुजवली आणि 1976 पासून वेव्हर्ली थिएटरात 'रॉकी हॉरर'ने तिचा उत्सव केला. एल्गिनमध्ये प्रेक्षकांची धुंदी गांजाची होती, वेव्हर्लीत हळूहळू सोबत म्हणावयाच्या संवादांची. तेव्हा पेल्याला फार मोठेपणा देऊ नकोस, आणि पडद्यावर बोलणे सुरू असताना बर्फ तर मुळीच घुसळू नकोस.

राहता राहिला कायदा. पूर्वीचा मुंबई दारूबंदी कायदा, म्हणजे आताचा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 चा असला तरी अद्याप जारी आहे; तू व तुझे मित्र परवाने काढून घ्या, आणि पंचविशीच्या आतला कोणी असल्यास त्याला यातला थेंबही देऊ नका. अशांसाठी एक शनिवार रामसे बंधूंना दे. त्यांच्या 'दो गज जमीन के नीचे'चे (1972) चित्रीकरण महाबळेश्वरात झाले. तेथील स्ट्रॉबेरीचे थंड सरबत, किंचित मीठ आणि मिरपूड घालून, त्या चित्रपटास कुळानेही चालते आणि रंगानेही. ते संपूर्ण बिनमद्याचे असल्याने त्या शनिवारी मीही येईन. खुर्ची मात्र पाठीची ठेव, आणि तुझ्या आईस मी येणार असल्याचे आगाऊ कळव.

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
मामा