ग्रामसभेच्या सूचनेवरून

काल्हेर अजून ग्रामपंचायत आहे, हे आमच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्यांना सांगावं लागतं. 2011 च्या जनगणनेने या गावाला जनगणना शहर म्हटलं, कारभार मात्र सरपंचाकडेच राहिला. बांधकामाचा आराखडा मंजूर करतं एमएमआरडीए. 2007 पासून भिवंडीभोवतालच्या गावांचं नियोजन त्यांच्याकडे आहे. इमारत उभी राहिली की पाणी, गटार, कचरा यांसाठी लोक ग्रामपंचायतीच्या दारात. मजले वाढवायची परवानगी देणारा एक आणि नळाला पाणी नाही म्हणून बोलणी खाणारा दुसरा, ही रचनाच मला अन्यायाची वाटते.

आज फलकावर ग्रामसभेची सूचना वाचली. कायद्याने वर्षाला किमान चार सभा व्हायलाच हव्यात. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100, यांतला कमी आकडा पुरतो. एवढ्या मोठ्या वस्तीत शंभर माणसं सहज जमावीत. पण आमच्यातल्या अनेकांचं मत अजून ठाण्या-मुंबईत किंवा मूळ गावी आहे, आणि ग्रामसभेत हक्क फक्त इथल्या मतदाराला. गावातल्या आगरी-कोळी घरांतली वडीलधारी मंडळी येतात, बोलतात. कशेळी-अंजूरफाटा रस्त्यावर मेट्रो 5 चे खांब, गोदामांचे ट्रेलर, उडती धूळ, सगळं त्यांच्या उंबऱ्याशी आहे.

उद्या शेजारच्या काकूंना मतदार नोंदणीचा फॉर्म नेऊन देणार आहे. टँकरच्या खर्चाचा हिशेब त्यांनीच सभेत विचारावा; वहीत त्यांनी महिन्यावार लिहून ठेवलाय.